जानूआबांचं खाचर वगळून

गौरवचे नियम अमृताने पहिल्यांदा वाचले ते त्यांची भाषा नीट करून देण्यासाठी, आणि वाचता वाचता तिला हसू आवरेना.

“‘नकार मिळाल्यास कारण विचारणार नाही. दुसऱ्यांदा विचारणार नाही.’ अरे, खेळाचं पान लिहितोयस की दीक्षा घेतोयस?”

“ताई, तू ऱ्हस्व-दीर्घ बघ. बाकीचं मी बघतो.”

खेळ शेतीचा होता, परदेशी. संगणकाच्या पडद्यावर क्षितिजापर्यंत सपाट पसरलेला गहू, घराएवढाली यंत्रं, आणि माणूस जवळजवळ नाहीच. अशा तयार खेळात एखादा हौशी माणूस पदरची भर घालतो, नवं गाव, नवं पीक, नवं अवजार रचतो, त्या भरीला मॉड म्हणतात. तळेगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेला गौरव गेली चार वर्षं, सुट्टीचा एकेक दिवस वेचून, त्या परक्या सपाटीत आपलं गाव कुरवंडे रचत होता. डोंगराच्या अंगाने पायरीपायरीने उतरणारी भातखाचरं, चिखलणीचा पॉवर टिलर, वाकलेल्या पाठींनी चाललेली रोपांची आवणी, आणि सकाळच्या धुक्यात निम्माच दिसणारा समोरचा कडा.

अमृता लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवायची. कवितेत बुडून एम.ए. केलं, आणि एक ओळही आपल्या मनासारखी लिहिता आली नाही, ही बोच तिने कुणाला सांगितली नव्हती. म्हणूनच असेल, धाकट्या भावाच्या कामातला कठोरपणा तिला इतरांच्या आधी ओळखू आला. वरच्या खाचरातलं पाणी बांधातल्या फटीतून खालच्या खाचरात उतरतं, ही गोष्ट मूळ खेळाला ठाऊकच नव्हती. ती त्याला शिकवण्यात गौरवचं दीड वर्ष गेलं. एक आकडा बदलला असता तर प्रत्येक खाचर आपापलं भरलं असतं, आणि पाहणाऱ्याला फरक कळला नसता. पण मॉडच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचं वाक्य होतं: ‘जे पाणी डोंगरात नाही, ते खेळातही नाही.’ त्या वाक्यातला एकही शब्द अमृताने बदलला नाही. तिला तो बदलवेना.

मॉड तो विकणार नव्हता. दुसऱ्या कुणी बनवलेलं झाड किंवा दगडसुद्धा त्याच्या होकाराशिवाय घेणार नव्हता, आणि उत्तर न येणं हा त्याच्या लेखी होकार नव्हता. कुणा अनोळखी माणसाने रचलेल्या एका सुंदर आंब्यासाठी तो आठ महिने थांबला, आणि मग स्वतःचा जरा बेढब आंबा रचून मोकळा झाला. शिवाय गाव खरं, तर जमिनीही कुणाच्या तरी. म्हणून तेवीस खातेदारांच्या दारी तो जाऊन आला.

“दोन गुंठ्यांचा धनी, आन् गावभर इचारीत हिंडतुया,” गौरव-अमृताची आई शकुबाई म्हणायची. “तुझ्या खेळातल्या भाताला कोन इचारतंय रं?”

त्या दोन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढायला वीस वर्षं लागली होती. तोवर त्या तुकड्याविषयी सगळे बोलत. आजोबांना तेवढं कुणी विचारत नसे. गौरव याबद्दल कधी बोलला नाही. अमृताने आपल्यापुरता तो धागा जुळवला होता.

होकार देताना सगळ्यांत मोकळेपणाने हसले होते ते जानूआबा. “घे की लेका. खेळातलं वावर कुनी नांगरून न्हेतंय व्हय?”

मॉड खुला करण्याआधी ज्याचं खाचर त्याला दाखवायचं, ही गौरवची रीत. भाद्रपदातल्या एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन रखमाजीभाऊंच्या ओट्यावर बसला. शेजारी अमृता होती, जानूआबाही आले होते. दोघा म्हाताऱ्यांच्या खाचरांमध्ये एकच बांध, आणि त्या बांधावरून अकरा वर्षं चाललेलं भांडण मोजणी होऊन नुकतंच कुठे निवलं होतं.

रखमाजीभाऊंनी चष्मा पुसला, पडद्याशी नाक नेलं, आणि मांडीवर थाप मारली. “आयला! जान्या, हितं बग. कंप्युटर बी म्हनतोय, तू माझ्यात हातभर घुसलायस!”

ओट्यावरचं हसू जागीच विरलं. गौरवने तो बांध उन्हाळ्यातल्या उपग्रहाच्या चित्रावरून काढला होता. वाळलेलं गवत बांधावर आडवं पडलं होतं, आणि त्याची कड त्याला बांधाची कड वाटली होती. चार वर्षांच्या कामातली हातभर चूक, तीही नेमकी या बांधावर.

“माझं वावर काड त्यातनं,” जानूआबा म्हणाले.

“चूक माझी हाय आबा. मोजणीत आलंय तेच खरं. भाऊ, तुमी बी ऐका, कंप्युटरचं न्हाई, माझं चुकलं.”

“काड म्हन्लं ना.”

“काढतो.”

एवढंच. अमृता पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. ते आलं नाही.

“आन् खालच्या चौदा वावरांस्नी पानी कुटनं आननार?” रखमाजीभाऊ आता जरा ओशाळले होते. “समदं याच्याच वावरातनं उतरतं.”

परतताना ती न राहवून म्हणाली, “बांध सरकव, खाचराचा आकार बदल, झालं. खेळणारे पोलंडात नि ब्राझीलमध्ये. कुणाला कळणार आहे?”

“आबांना.”

“आबा खेळणार आहेत का?”

“नाहीत. म्हणून तर.”

त्याने खाचर काढलं. त्या जागी नुसता गवताळ उतार राहिला, आणि त्याच्या खालची चौदा खाचरं पडद्यावर एकामागून एक तपकिरी होत गेली. वाळत जाणारं ते चित्र गौरव हनुवटी तळव्यात ठेवून पाहत होता, जणू दुसऱ्या कुणाचं काम तपासत होता. पुढच्या महिन्यात कारखाना त्याला दोन वर्षांसाठी तामिळनाडूत होसूरला पाठवणार होता, आणि डोंगर पायाखाली नसताना तो एक बांधही रचणार नाही, हे अमृताला ठाऊक होतं. आत्ता राहिलं ते राहिलंच. पानावर त्याने दोन ओळी लिहिल्या: मॉड येत्या रविवारी खुला होणार नाही, पाण्याची वाट जुळलेली नाही. जानूआबांचं नाव त्यात नव्हतं, गाऱ्हाणंही नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर अमृता घरी न जाता परस्पर जानूआबांच्या बांधावर गेली. मनाशी वाक्यं जुळवली होती: आबा, चार वर्षं झाली, आबा, पोरगं परगावी चाललंय. भात पोटरीला आलं होतं, आणि आबा फटीत अडकलेला पाला हाताने काढत होते.

“त्यानं धाडलं तुला?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“नाही आबा. त्याला माहीतही नाही.”

“मंग तू मागाया आलीस.”

ती खरोखरच मागायला आली होती. पण तिने नीट केलेल्या त्या पानावरचं वाक्य, ज्याला ती हसली होती, आता तिच्यापुढे एखाद्या वडीलधाऱ्यासारखं उभं राहिलं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. या माणसाने नाही म्हटलं होतं, आणि त्याचं नाही कुणीतरी पुरतं ऐकून घेतलं होतं. आपण कळवळ्याच्या नावाखाली ते परत घ्यायला आलो आहोत, हे तिला कळलं. जुळवलेली वाक्यं तिने तशीच गिळली. आणि मग तिला अचानक एक निराळाच प्रश्न सुचला, ज्यात कुणाचं काहीच मागायचं नव्हतं.

“आबा, हे खाचर नव्हतं, तेव्हा खाली पाणी कुठून जायचं?”

जानूआबांनी आता तिच्याकडे पाहिलं.

“तुला कोन म्हन्लं, वावर नव्हतं म्हून?”

“कुणी नाही. पण कधीतरी नसेलच ना? कुणीतरी डोंगर फोडून केलंच असेल की.”

“माझ्या बानं केलं,” ते म्हणाले. हातातला पाला त्यांनी बांधावर झटकला. “त्याच्या आदी हितं समदा खडक हुता. पानी जायाचं त्या अंगानं, करवंदीच्या जाळीखालनं. पाट हुता. अजून हाय. दिसत न्हाई, पन हाय.” मग म्हणाले, “त्याला घिऊन ये उद्या. त्यो डबा नगं आनू.”

दुसऱ्या दिवशी गौरव लॅपटॉपशिवाय, नुसती वही घेऊन गेला, अमृता मागे. जानूआबा कोयत्याने जाळी सारत पुढे चालले. गवताखाली खरोखरच दगडात कोरलेली वीतभर खोल वाट होती, वाकड्या बोटासारखी, खाचराच्या कडेकडेने उतरणारी. तिच्या तोंडावर मातीचा बोळा बसला होता. आबांनी तो टाचेने ढकलला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाण्याची एक बारीक जीभ पुढे आली, चाचपडत, थबकत, आणि विसरलेलं वळण आठवावं तशी डावीकडे वळली.

गौरव उकिडवा बसून मोजत होता. उतार किती, रुंदी किती, कुठे पाणी फुटतं, कुठे साचतं. मध्येच तो प्रश्न विचारी, आबा उत्तर देत, तो लिहून घेई. अमृताला वाटलं, इतक्या आदराने कुणी एखादी ओळ लिहून घेताना आपण पाहिलेलं नाही. वर्गात नाही, व्यासपीठावर तर नाहीच.

“येवढ्यानं चौदा वावरं भिजतील?” त्याने विचारलं.

“भिजतील. उशिरा भिजतील. आमच्या आज्याच्या वक्ताला उशिराच भिजायची.”

“मग खेळात बी उशिराच भिजतील.”

जानूआबांनी कोयता बगलेत धरला. “माझं वावर न्हाई ना त्यात?”

“न्हाई आबा. तिथं गवत हाय.”

“बरं.” त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान दिसलं. पोराने आपल्या बाजूने निकाल दिल्याचं नव्हे, तर निकाल द्यायला तो बसलाच नाही, याचं.

गौरव वही मिटून उठला. निघता निघता थांबला. “आबा, एक इचारू? पाट तुमी दावला. ज्यांनी मदत केली त्यांची नावं मी शेवटी लिहितो. तुमचं लिहू का? नगं असंल तर न्हाई लिहीत.”

जानूआबांनी खाली पाहिलं. पाणी तोवर पहिल्या वळणापलीकडे गेलं होतं आणि आता दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ते विचार करत उभे राहिले, एखाद्या कागदावर अंगठा उठवण्याआधी माणूस राहतो तसे. आणि गौरवही उभा राहिला, घाई न करता, नाही ऐकायचीही तितकीच तयारी ठेवून.

“लिव,” ते म्हणाले. “पन पाटाफुडं माझं एकट्याचं नगं. बाचं बी लिव. त्यानं वावर केलं, पन पाट बुजीवला न्हाई.”

गौरवने वही पुन्हा उघडली आणि त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं.