मागची सीट

मधुराने पुन्हा किक मारली. गाडी खोकली आणि गप्प झाली. शेजारी राजसची नवी गाडी केव्हाचीच सुरू होती, पण इतक्या हलक्या आवाजात, की वरच्या गॅलरीत दात घासत उभ्या असलेल्या शेजारच्या सीमावहिनींना ती बंदच वाटली असेल.

"ताई, चोक ओढलायस ना?" राजसने विचारलं.

मधुराने किकवर पाय ठेवला. या गाडीवरून रोज गिरगावातून माटुंग्याच्या कॉलेजात शिकवायला जाणारी ती. चोकची आठवण करून देणारा हा धाकटा भाऊ रविवारी डिलाईल रोडच्या टॉवरमधून उतरून तासभर भेटून जाणारा. तिने दात आवळून पाय दाबला. या वेळी गाडी सुरू झाली आणि गल्लीभर धडधडाट झाला. सीमावहिनींनी वरून हात हलवला.

जिन्याचा कठडा धरत बाबा, कमलाकांत, खाली आले. एक एक पायरी दोन्ही पाय टेकवत. दिवाळीनंतर त्यांच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर मोटरसायकलचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकून घेऊन घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "मग त्याआधी एकदा चौलला जाऊ. लाँचने नको, कारने नको. मी आणि उर्मिला जायचो तसं."

आई गेल्यापासून ते चौलच्या देवळात गेले नव्हते. मधुराने दुसऱ्याच दिवशी जुन्या गाडीची मागची सीट उसवून तिच्यात नवा फोम भरून घेतला. बाबा कोणाच्या मागे बसणार हे तिने विचारलंच नव्हतं. गाडी त्यांचीच होती, तरुणपणी घेतलेली. आईला याच सीटवर बसवून त्यांनी अर्धा महाराष्ट्र दाखवला होता.

बाबा जुन्या गाडीपाशी आले. टाकीवर हात फिरवला. मग राजसकडे वळून म्हणाले, "तुझ्या सीटला पाठ टेकायला आहे म्हणालास ना?"

"आहे. आणि हादरे अजिबात नाहीत, बाबा. बसून तर बघा."

ते बसले. राजसने त्यांना हेल्मेट चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावून दिला. मधुरा बघत राहिली. तिच्या मागे बसताना हेल्मेटमध्ये त्यांचा जीव गुदमरायचा. त्यावरून त्यांची कितीदा भांडणं झाली होती.

"यात माइक आहे," राजस सांगत होता. "जाता जाता आपल्याला बोलता येईल. ओरडावं लागणार नाही."

"अरे वा," बाबा म्हणाले. काचेआडून त्यांनी मधुराकडे पाहिलं. "तू नीट ये गं मागून."

लालबागच्या पुलावर रस्ता मोकळा होता. पुढे राजसची रुंद पाठ, तिला टेकल्यासारखे बाबा आणि दोन एकसारखी हेल्मेटं. दादरपर्यंत मधुराने स्वतःला बजावलं, की आज बाबांचा दिवस आहे, आपण लहान पोरीसारखं वागायचं नाही. सायनला बाबांचा हात वर झाला आणि त्यांनी कुठल्याशा इमारतीकडे बोट दाखवलं. राजसची मान हलली. वाशीच्या खाडीवर बाबांचे खांदे गदगदताना दिसले. ते हसत होते. चांगले खळखळून हसत होते.

घरी बाबा तिच्याशी काय बोलायचे? आमटीत मीठ कमी आहे. गोळी घेतली. गॅसवाला येऊन गेला. रोज एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांना नवीन बोलायला काय असणार, अशी समजूत तिने स्वतःची घालून घेतली होती. मग हे काय होतं? रविवारच्या पाहुण्यासाठी एवढं राखून ठेवलेलं होतं?

पनवेल मागे पडलं आणि कर्नाळ्याची वळणं सुरू झाली. इथे मात्र मधुरा सरसावून बसली. गेला महिनाभर राजस तिला नव्या गाडीचं पुराण ऐकवत होता. पुढचे शॉक अॅब्जॉर्बर असे, ब्रेक तसे, चाक घसरायला लागलं तर गाडी स्वतःच ओळखते. "जुनी गाडी आपण सांभाळायची, ताई. नवी आपल्याला सांभाळते." त्यावर ती म्हणाली होती, "सांभाळणं म्हणजेच चालवणं." जुनीचं वळण तिला पाठ होतं. गाडीला आधी कल्पना द्यायची, गिअर उतरवायचा, खांदा थोडा आत टाकायचा. मग ती कुरकुरत वळते, पण दगा देत नाही.

एकामागून एक वळण गेलं. राजसचा मागचा लाल दिवा एकदाही फार वेळ तिच्या नजरेआड राहिला नाही. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी तो होताच. मधुराला हेल्मेटच्या आत हसू आलं. एवढं मोठं धूड घेऊन काय मिळवलं पठ्ठ्याने?

चौलला पोचल्यावर हातमोजे काढायच्याही आधी तिने ते बोलून टाकलं.

"बघितलंस? घाटात एकदा तरी मागे पडले का?"

राजस आरसा पुसत होता. "नाही ना," तो म्हणाला.

"वळणावर काही फरक पडत नाही. शेवटी चालवणारा कोण ते महत्त्वाचं. हो की नाही, बाबा?"

बाबा पायातले बूट काढायच्या खटपटीत होते. "नारळ घेतलास का गं?" त्यांनी विचारलं.

"आणि हसत काय होता एवढं?" तिने राजसला विचारलं. सहज विचारल्यासारखा आवाज काढायचा तिने प्रयत्न केला.

"काही नाही. असंच."

देवळात बाबा बराच वेळ खांबाला टेकून बसले. मधुरा आणि राजस तळ्याच्या काठी उभे राहिले. निघताना राजसने खिशातून चावी काढून आपल्या हेल्मेटसकट तिच्यापुढे धरली.

"जाताना तू ही घे, ताई. मला जुनी चालवायचीय. कॉलेजनंतर हातच लावला नाही तिला."

म्हणजे आता जुनीही याला हवी, असं मधुराच्या मनात आलं. पण बाबा मध्येच म्हणाले, "घे की. बघ तर कशी आहे," आणि तिला नाही म्हणता येईना.

कार्लेखिंडीच्या पहिल्याच वळणावर तिला कळून चुकलं. तिने सवयीने खांदा आत टाकायचं मनात आणलं, आणि तेवढ्यात गाडी वळलीसुद्धा होती. पाण्यात हात फिरवावा तशी. पुढे रस्ता उखडलेला होता. चाकाखालून खड्डे गेले ते फक्त दिसले, मनगटापर्यंत पोचले नाहीत. मागे बाबांचं वजन होतं, तरी गाडी जराही डगमगली नाही. राजस एखादी बढाई मारत असता तर बरं झालं असतं. त्याचा शब्द न् शब्द खरा होता.

कानात टक्‌ असा आवाज झाला.

"मधू, ऐकू येतंय?"

तिला मधू म्हणणारे आता बाबाच उरले होते, आणि तेही फार क्वचित म्हणायचे. तो आवाज इतका जवळून आला, की ती दचकली.

"येतंय, बाबा."

"ही कार्लेखिंड. इथेच मी उर्मिलेला विसरलो होतो. ती पदर सावरायला खाली उतरली आणि मला वाटलं, बसली. मी निघालो. तिच्याशी बोलत बोलत पार पोयनाडपर्यंत गेलो. म्हटलं, आज ही आपलं सगळं मुकाट ऐकून घेतेय."

मधुराने ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. तरी तिला हसू फुटलं. मागे बाबाही हसत होते. त्यांचं हसू तिच्या पाठीला जाणवत होतं.

"सकाळी हेच सांगत होता राजसला?"

"हो."

"त्याला माहीत आहे की ते."

"तुलाही माहीतच आहे," बाबा म्हणाले.

मग बाबा बोलतच राहिले. वडखळच्या नाक्यावरचे पोह्याचे पापड, पेणला आईने हट्टाने घेतलेली आणि घरी येईस्तोवर भंगलेली गणपतीची मूर्ती, असं काहीबाही. मध्येच विचारायचे, "राजस दिसतोय का गं आरशात?" ती म्हणायची, दिसतोय. आणि पुढची आठवण निघायची.

कर्नाळ्याला पुन्हा वळणं लागली. मधुराने आरशात पाहिलं. मागे राजस अवघडून बसला होता. प्रत्येक वळणाआधी त्याचे खांदे आखडत होते. तिने मूठ पिळली. का पिळली, ते तिला नीट ठाऊक होतं. गाडी जणू याचीच वाट बघत होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आरशात नुसता रस्ता उरला.

"राजस दिसतोय?"

"नाही."

"मग हळू घे."

"येईल तो, बाबा."

"हळू घे, मधू. सकाळी त्यालाही हेच सांगत होतो. तू सारखी दिसेनाशी व्हायचीस. इथे तर बिचाऱ्याने किती वेळा गाडी जवळजवळ थांबवली."

मधुराने मूठ सैल सोडली. गाडीचा वेग उतरला. मागून एक टेम्पो हॉर्न देत पुढे निघून गेला.

"तुम्ही चौलला बोलला नाहीत," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"काय बोलायचं होतं?"

पुढच्या वळणानंतर जुनीचा दिवा आरशात उगवला. मधुराने तो पनवेलपर्यंत आरशातून हलू दिला नाही.

पनवेलच्या अलीकडे चहासाठी थांबल्यावर राजस पाय झटकत उतरला. "गिअर उजव्या पायात, हे विसरलोच होतो. दोनदा ब्रेक समजून गिअर दाबला." मग बाबा खुर्ची शोधत आत गेल्याचं पाहून तो हळूच म्हणाला, "घाटात हळू केलीस. बाबांनी सांगितलं ना?"

"हो." तिने हेल्मेट काढून गाडीच्या हँडलवर ठेवलं. "सकाळी तू किती हळू घेतली होतीस?"

"फार नाही."

"राजस."

त्याने जमिनीकडे पाहिलं. "बरीच."

"मग मी एवढी मिजास करत होते तेव्हा गप्प का बसलास?"

"तू खूश होतीस, ताई."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. मधुराने तो चटका बसेल एवढा गरम असतानाच प्यायला. ती रागावली असती, तर राजसला सोपं गेलं असतं. तो तिच्याकडे चोरून बघत होता, लहानपणी तिची वस्तू मोडल्यावर बघायचा तसा.

"चांगली आहे गाडी," शेवटी ती म्हणाली. "वळणावर विशेष."

कप तोंडाशी नेऊन राजस तसाच थांबला.

बाबा खुर्च्यांचा आधार घेत बाहेर आले. दोन गाड्यांच्या मधोमध येऊन त्यांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं, आणि मग त्यांचा हात जुनीच्या सीटवर गेला. "आता गिरगावापर्यंत हिच्यावर बसतो. नवा फोम भरलाय म्हणे."

सकाळी तिला एवढंच हवं होतं. मधुराने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना राजसच्या गाडीकडे वळवलं.

"फोम कसलाही असो, कंबर तुमची आहे. पाठ टेकून बसा." तिने स्वतः त्यांचा पट्टा लावला, हनुवटीखाली बोट घालून घट्ट तर नाही ना ते बघितलं. मग राजसपुढे हात केला. "जुनीची चावी दे. मी पुढे राहते."

राजस दर महिन्याला गाडीवाल्या मित्रांबरोबर भटकायला जायचा. जी गाडी सगळ्यांत संथ, ती पुढे ठेवायची, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याने चावी तिच्या तळव्यावर ठेवली.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. खाडी ओलांडताना ऊन उतरलं होतं. मधुराने जुनीला जो वेग मानवतो तोच धरला, त्याहून तसूभरही जास्त नाही. मागचा दिवा अंतर राखून येत होता. दादर गेलं. परळच्या सिग्नलला थांबल्यावर तिने आरशात पाहिलं. राजसच्या खांद्यावरून बाबांचा हात पुढे आला होता आणि तिच्याकडे बोट दाखवून ते काहीतरी सांगत होते. राजस मान डोलवत होता. काय सांगत होते, ते इथे ऐकू येणं शक्य नव्हतं.

सिग्नल सुटला. मागच्या टॅक्सीने हॉर्न वाजवला. मधुराने सावकाश पहिला गिअर टाकला.