भावोजींचं पेडल

आमचे धाकटे दीर ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. म्हणजे गाडी शिकाऊ माणूस चालवतो, भावोजी शेजारी बसून तोंड चालवतात. त्यांच्या पायाशीही एक जादा ब्रेक आहे, अडीअडचणीला.

सोमवारपासून मला लाँड्रीची व्हॅन चालवायची नोकरी मिळणार होती. हवा होता फक्त भावोजींच्या सहीचा दाखला. पण सही अडली टायरपाशी.

"वहिनी, दोन महिन्यांत नवे कोरे टायर खलास केलेत! ब्रेक आहे तो, झुरळ नाही. किती जोरात हाणता!"

सध्या शिकाऊ मी एकटीच, त्यामुळे आरोपीही मी एकटीच. वर पुरावा दाखवायला मला टायरवाल्याकडे घेऊन गेले. काय ती हौस!

टायरवाल्यानं पुढचं चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवलं. एका जागी रबर चपटं, गुळगुळीत झालेलं. "हळूहळू ब्रेक लावला तर टायर सगळीकडून सारखा झिजतो," तो म्हणाला. "एकदम दाबला की चाक जाम होतं, गाडी मात्र घसरत जाते. मग रस्ता एकाच जागी रबर खरवडतो."

"ऐका, वहिनी, ऐका!"

मेलं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं जपून पाय ठेवत होते मी! गाडी तरी धाडकन थांबायची, आणि मी वेडी समजायचे, माझाच पाय जड. गेली नोकरी, म्हटलं.

टायरवाल्यानं गाडीचं दार उघडून आत डोकं घातलं. माझ्या ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या. भावोजींच्या पेडलचं रबर पार झिजून आतलं लोखंड चमकत होतं.

"दोन्ही रबरं मीच बसवली होती, टायरांबरोबर," तो म्हणाला. "हे पेडल काढून ठेवतो. नवं रबर आलं की लावू."

अडीअडचण म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं.

परतताना गाडी मीच चालवली. भावोजींचा पाय अकरा वेळा रिकाम्या जागी आपटला. अकराही वेळा गाडी थांबली, मी थांबवली तिथे, अगदी अलगद.

घरासमोर त्यांनी दाखला मांडीवर घेतला आणि दात-ओठ खात सही करायला लागले.

"भावोजी," मी म्हटलं, "जरा हळू दाबा, कागद फाटेल."