खुर्चीचं तोंड

"बाबा, माझ्या पडद्यावर तुमचं घर उलटं लटकलंय," लेक फोनवर हसत म्हणाली. "पंखा खाली, फरशी डोक्यावर."

निवृत्त प्रोग्रामरला चूक तिथल्या तिथे कळली. नोकरीभर त्याने ओपनजीएलमध्ये काम केलं होतं. प्रोग्राम आणि चित्र काढणारी चिप यांच्यामधला हा दुभाषा. संगणक कुठल्याही कंपनीचा असो, चित्र सगळीकडे सारखंच दिसणार, यावर त्याचा भारी विश्वास. पण दूरच्या शहरातल्या लेकीच्या नव्या संगणकाने या जुन्या दुभाष्याला दारातही उभं केलं नाही. म्हणून साठी उलटल्यावर हा गडी वल्कन नावाचा नवा दुभाषा शिकायला बसला. त्याच्या स्वतःच्या जुनाट संगणकावर वल्कन चालत नव्हता; तेव्हा लिहायचं याने आणि बघायचं तिने. ओपनजीएल उंची खालून वर मोजतो, वल्कन वरून खाली. एक वजाचं चिन्ह घातलं की घर सरळ.

"अवघड दिसतंय," तो गंभीरपणे म्हणाला. "पुढच्या रविवारी देतो."

धडधडीत थाप होती. पण घर लगेच सरळ झालं असतं तर रविवारी ती फोन कशाला करणार होती? एरवी तिचे फोन म्हणजे तब्येत, औषधं आणि 'ठेवते मग'.

बायको असताना बाहेरची खोली जशी होती, तशी त्याने पडद्यावर उभी केली होती. टेप घेऊन कपाटं मोजली, पडद्यांचा रंग आठवून आठवून जुळवला. बायकोची वेताची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, कारण खिडकीशी त्याचं टेबल होतं.

पुढच्या एका रविवारी भिंती काळ्या दिसल्या, नंतर कधी सावल्याच गायब झाल्या. चूक कळली की तो लगेच दुरुस्त करायचा आणि आठवडाभर दाबून ठेवायचा. मधल्यामध्ये लेक ऑफिसातल्या गमती सांगू लागली, साहेबाची नक्कल करू लागली. त्याला फार बरं वाटायचं.

शेवटी चुका संपल्या. त्या रविवारी तिने पडद्यावर सगळी खोली फिरून पाहिली.

"दिसतंय ना?" त्याने विचारलं.

"सगळं दिसतंय. फक्त आईची खुर्ची चुकलीय. तिचं तोंड दाराकडे असायचं."

"खिडकीकडे. माझ्या टेबलाकडे. मी रोज बघायचो की."

"तुम्ही घरी आलात की ती फिरवायची, बाबा. दिवसभर दाराकडेच असायची."

ऑफिसातून रात्री उशिरा येण्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. घरी कोणी वाट बघतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी पाठवा सावकाश," लेक म्हणाली.

"नाही. आत्ताच करतो."

त्याने एक आकडा बदलला आणि पाठवून दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हं. आता बरोबर." मग तिने फोन ठेवला.

आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो उठला. कोपऱ्यात सरकवलेली वेताची खुर्ची त्याने ओढून जागेवर आणली, दाराकडे वळवली आणि तिच्यात बसला. फोन त्याच्या मांडीवर होता. दार समोरच होतं, बंद.