एकोणीस नव्हे, अकरा डबे

वाडीत काही कार्य निघालं की भांडी गोळा करायला मंगललाच बोलवायचे. विंझर गावावरून वर चढलं की लागणारी ही तीसेक घरांची वाडी. तिथं कोणाकडं पराती मागायच्या, कोणाची बादली गळते, कोणाला कधी काय परत हवं असतं, हे सगळं मंगलला तोंडपाठ. आणि परत करण्यात तर तिचा हात धरणारी कोणी नव्हती. मंगलकडं दिलेला चमचासुद्धा ज्याचा त्याला जातो, असं बायका म्हणायच्या. चाळीस वर्षांत हा बोल कधी खोटा पडला नव्हता, आणि मंगलला सोन्याच्या डोरल्यापेक्षा त्याचं अप्रूप जास्त होतं.

तिच्या सासूच्या काळी हे काम सोपं होतं. तेव्हा भांडी तांब्यापितळेची, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. सासूला तर नाव वाचायचीही गरज नव्हती, कारण तिला वाचताच येत नव्हतं. ती बोटाच्या पेरानं घागरीवर टकटक करायची आणि आवाजावरून सांगायची, ही गेनबाच्या घरची, ही पाटलाची. मंगल नवी नवरी असताना तोंडाचा आ करून बघत राहायची.

पण डब्यांची गोष्ट वेगळी होती. बचत गटाच्या बायकांनी मागं एकदा टेम्पो करून भोरच्या बाजारातून स्टीलचे मोठे डबे आणले, सगळ्यांना एकसारखे. नेमकं त्या दिवशी दुकानदाराचं नाव घालायचं मशीन बंद. पुढच्या खेपेला घालून आणू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. तेव्हापासून डबा द्यायचा तर नावाची चिठ्ठी डकवून द्यायची, असा रिवाज पडला.

यंदा मंगलच्याच घरची वास्तुशांत होती. इंद्रजितनं, तिच्या मुलानं, जुन्या घरामागं स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. बुंदीचे लाडू आणि शेव ठेवायला मंगलनं डबे मागवले. गटाचे होते एकोणीस, पण आठजणींच्या डब्यांत तांदूळ भरलेले होते, म्हणून अकराच आले. पूजा झाली, पंगती उठल्या, लाडू पुरून उरले. दुसऱ्या दिवशी चार वाजता बायका आपापली भांडी न्यायला येणार होत्या.

सकाळी मंगलनं डबे धुवायला काढले. दर वेळी ती गार पाण्यानं, राखेनं, चिठ्ठीला हात न लावता एकेक डबा धुवायची. पण डब्यांना तुपाचा ओशट थर बसला होता, आणि नव्या घराच्या छपरावर सोलर आला होता. नळ सोडला की वाफाळतं पाणी! तिनं मोठं पिंप भरलं, धुण्याचा सोडा टाकला, अकरा डबे त्यात सोडले आणि म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली.

परत येऊन बघते तर डबे चकाचक, आणि पिंपात कागदाचा लगदा तरंगतोय. तिनं एक चिठ्ठी अलगद उचलली. शाई धुऊन गेली होती. दुसरी उचलली, ती हातातच विरघळली. चिकटपट्ट्यांच्या सुरळ्या झाल्या होत्या, त्यांच्यावरही अक्षर उरलं नव्हतं.

मंगल पिंपाच्या कडेवर हात टेकून उभी राहिली. अकरा डबे, सगळे एका साच्याचे. चार वाजता अकरा घरची माणसं येणार. वाडीत डबा बदलला म्हणून काय होतं ते तिला ठाऊक होतं. भांडं नुसतं भांडं नसतं. कोणाच्या माहेरचं कोणी आलेलं असतं ते घेताना, कोणी आपल्या हातानं पहिले तांदूळ त्यात भरलेले असतात.

तिनं डबे ओट्यावर मांडले. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करत राहावं लागतं. डब्यांच्या पोटावर चिकट्याचे डाग राहिले होते, त्यांवर धूळ बसायला लागली होती. निदान डबे तरी लख्ख दिसोत, म्हणून तिनं तारेची घासणी घेतली.

“आत्या, थांबा! घासू नगा!”

रत्ना, तिची सून, दारातून ओरडली होती. दहा महिने झाले लग्नाला, पण या पोरीचा आवाज एवढा चढलेला मंगलनं ऐकला नव्हता.

“का गं? काय झालं?”

“चिठ्ठ्या गेल्या ना? मग तो चिकटा तेवढाच उरलाय आपल्याजवळ. त्यो पुसला की संपलं.”

रत्ना सारोळ्याची. लग्नाआधी तीन वर्षं ती नीरेच्या पुलापलीकडच्या एका कारखान्यात होती. तिथं बाजारातून परत आलेल्या काचेच्या बाटल्या यायच्या, आणि दहाबारा पोरी बसून त्यांची जुनी लेबलं काढायच्या. मंगलनं हे वाडीत कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर ती म्हणायची, “कंपनीत होती, क्वालिटीला.” लेबलं खरवडायला होती म्हणायचं तिला जड जायचं.

रत्नानं डबे उन्हात नेऊन ठेवले. “सुकू द्या आधी. ओल्यात समदा चिकटा सारखाच दिसतो.”

घटकाभरानं ती एका डब्यासमोर उकिडवी बसली. अंगठ्याचं पेर डागावरून फिरवलं, मग वास घेतला, मग डबा तिरपा धरून उन्हात पाहिला. मंगलला क्षणभर घागरीवर टकटक करणारी सासू दिसली.

“ह्ये बघा, ह्याचं रबरावानी गुंडाळं व्हतंय अंगठ्याखाली. ह्यो सुताराचा पांढरा गोंद.”

“हनुमंत सुताराचाच की मग!” मंगल म्हणाली. “दुसऱ्या कोणाकडं आहे तो गोंद?”

“ह्याच्यावर जाळी उमटलीय. बारीक, कापडावानी. दवाखान्याची पट्टी ही, जखमेवरची.”

“आशाताईचा. तिच्या पिशवीत त्याच पट्ट्या असतात.”

दोघींना एकदमच उमगलं. चिकटा कशाचा ते रत्ना सांगू शकत होती, आणि ती वस्तू कोणाच्या घरात असते ते मंगल. एकीला चिकट्याची भाषा येत होती, दुसरीला वाडीची. मंगलनं पाटीवरची पेन्सिल आणली आणि प्रत्येक डब्यापुढं फरशीवर नाव लिहायला लागली.

काळाकुट्ट, बोटाला न सोडणारा डाग निघाला तो वायरमनच्या टेपचा, म्हणजे सदू वायरमनच्या घरचा. एका डब्याला कुरिअरच्या पाकिटाच्या स्टिकरचा चौकोन होता. ज्या घरातला मुलगा पुण्यात पार्सलं वाटतो ते घर. एकावर सरळ कडांची साधी चिकटपट्टी, दुसऱ्यावर तशीच पट्टी पण कडेला सोनेरी चमकी.

“चमकीची पट्टी शाळेतल्या पोरी वहीला लावतात,” मंगल म्हणाली. “शाळेत जाणारी पोर फक्त धोंडाबाईच्या घरात. साधी पट्टी किराणावाल्याची.”

पुढच्या डब्याशी रत्ना थांबली आणि खुदकन हसली. चिठ्ठीच्या चार कोपऱ्यांच्या जागी चार गोल ठिपके होते, मुगाएवढे.

“आत्या, टिकल्या!”

“काय सांगतेस!”

“टिकल्यांचाच डिंक. चिठ्ठीला चारी बाजूंनी टिकल्या मारल्यात.”

मंगल हसता हसता खाली बसली. “कमळी! दुसरी कोण असणार? तिच्या आरशावर टिकल्या, कपाटावर टिकल्या, म्हशीच्या शिंगावर चिकटवल्या तरी मला नवल वाटायचं नाही.”

दोन डब्यांवर दुधट पापुद्रा होता. वाफाळत्या पाण्यानंही तो पुरता गेला नव्हता. शितांनी डकवलेल्या चिठ्ठ्या. पण त्यातला एक डाग किंचित तांबूस होता. मंगलनं तो नखानं खरवडून पाहिला. “ही हळद, सोड्यानं तांबडी झालेली. बायको गेल्यापासून गेनबा एकटा राहतो, रोज रात्री खिचडी लावतो. त्याला पांढरा भात कुठून मिळणार? हा त्याचा. तो दुसरा माझ्या चुलत नणंदेचा, तिच्याकडं दोन्ही वेळेला भातच.”

नऊ डबे ओळखून झाले. मग रत्नानं डाग काढायला घेतले, आणि मंगल नुसती बघत बसली. प्रत्येकाला वेगळं औषध. पट्ट्यांच्या चिकट्यावर गोडेतेल चोळून ठेवलं, अर्ध्या तासानं त्यावर कोरडं ज्वारीचं पीठ टाकून फडक्यानं गोल गोल फिरवलं; चिकटा पिठाच्या गोळ्या होऊन गळून पडला. शितांवर नुसतं ओलं फडकं लपेटून ठेवलं. वायरमनच्या टेपला खोबरेल, तेही दोनदा. कुरिअरच्या स्टिकरसाठी डबा चुलीच्या धगीवर उपडा धरून आतून तापवला आणि तो चौकोन हळूच कोपऱ्यातून सोलला. टिकल्यांच्या ठिपक्यांवर तिनं चिकटपट्टीचा तुकडा दाबला आणि झटकन उचलला, की ठिपका पट्टीबरोबर वर.

“घासणी का नाही लावत?” मंगलनं विचारलं.

“घासणीनं चिकटा जातो, पर ओरखडे राहत्यात. मग पुढल्या वेळंला चिकटा त्या ओरखड्यात जाऊन बसतो. आमची मुकादम बाई म्हणायची, भांड्याला कळता कामा नये की तुमी काय काढलं.”

तीन वर्षं या पोरीनं हे शिकण्यात घालवली आणि आपण ते लपवत बसलो, असं मंगलच्या मनात आलं. तिनं तेलाची वाटी रत्नाच्या हाताशी सरकवली.

राहिले दोन डबे. दोन्हींवर पिवळसर, काचेसारखा चकाकणारा डाग. रत्ना वास घेऊन म्हणाली, “बाभळीचा डिंक. घरी भिजवलेला. दोन्ही एकाच झाडाचे वाटत्यात.”

मंगलचा चेहरा उतरला. “एकाच झाडाचेच आहेत. बांधावरची बाभळ. तिच्या अल्याड अंबूबाई, पल्याड बाळाबाई.”

अंबूबाई आणि बाळाबाई सख्ख्या जावा. अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि ते बोलणं बंद पडलं होतं परगावच्या एका लग्नात बदललेल्या घागरीवरून. एकमेकींना काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या बाईला मध्ये घालून सांगायच्या, समोरासमोर उभ्या असल्या तरी.

रत्नानं दोन्ही डबे तासभर उलटेपालटे केले. झाकणं लावून पाहिली, तळ पाहिले. मग हात टेकले. “न्हाई आत्या. मला न्हाई येत वळखायला.” ती हळू आवाजात म्हणाली, “कंचाबी कुणालाबी दिला तर त्यांना तरी कुठं कळणार हाय?”

ते खरं होतं. कोणालाच कळलं नसतं. मंगलनं दोन्ही डबे उचलून शेजारी शेजारी ठेवले.

“मला कळेल ना,” ती म्हणाली.

तिनं प्रत्येक डब्यात दोन दोन लाडू घातले, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं. चार वाजता बायका आल्या. मंगल नाव घेऊन डबा देत गेली. कमळीनं डबा हातात घेऊन गरकन फिरवला. “अगं बया, नवा आणला का काय? माझ्या टिकल्यांचा मागमूस न्हाई!”

शेवटी दोन डबे उरले आणि दोन जावा उरल्या, ओट्याच्या दोन टोकांना. बाकीच्या बायकाही गेल्या नव्हत्या. काहीतरी आहे हे त्यांना वासावरून कळलं होतं.

मंगलनं पदर सारखा केला. “माझ्या हातनं चिठ्ठ्या गेल्या सगळ्यांच्या. सोलरच्या पाण्यात घातले डबे, माझीच अक्कल. नऊ ओळखले ते या रत्नानं. ही कारखान्यात लेबलं काढायला होती, तिथं शिकली. या दोघांवर एकाच बाभळीचा डिंक आहे, ते तिलाही ओळखता आले नाहीत आणि मलाही. एक अंबूबाईचा आहे, एक बाळाबाईचा. कोणता कोणाचा, मला माहीत नाही.”

चाळीस वर्षांचा बोल तिनं आपल्या हातानं खाली ठेवला होता.

बाळाबाई मंगलकडं बघत म्हणाली, “थोरलीला सांग, आधी तिनं उचलावा. मान तिचा हाय.”

अंबूबाईनं समोरच्या भिंतीकडं बघितलं. “धाकटीला सांग, मला कंचाबी चालतो. मला डबा तांदूळ भरायला पायजे, वरातीत मिरवायला न्हाई.”

“थोरलीला सांग, नंतर म्हणू नये की बदलला.”

“धाकटीला सांग, बदलला म्हणायला आधी कुणाचा त्यो तर कळू दे!”

“मंगलाक्का,” कमळी मागून म्हणाली, “मान जरा हळू फिरवा, लचकंल.”

बायका हसल्या. अंबूबाईच्याही ओठांच्या कडा हलल्या. तिनं पुढं होऊन जवळचा डबा उघडला, आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “डाक्टरनं साखर बंद केलीया माझी. तिला सांग, ह्यातले लाडू बी तिनंच घिऊन जावं.”

“अवो, एका लाडवानं काय व्हतंय?” बाळाबाई म्हणाली. “अर्धा तरी खावा की, वास्तूचा हाय!”

सांग म्हणायचं ती विसरली होती. ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदराचं टोक दातात धरलं. सगळ्या बायका एकदम काहीतरी करायला लागल्या. कोणी झाकण लावलं, कोणी पिशवीची गाठ सोडून पुन्हा मारली.

अंबूबाईनं लाडू फोडला. अर्धा तोंडात टाकला, अर्धा हात लांब करून जावेसमोर धरला. भिंतीकडंच बघत. बाळाबाईनं तो घेतला.

मग दोघींनी एकेक डबा उचलला. कोणी कोणता नेला ते मंगलनं पाहिलं नाही. ती डोळे पुसत होती.

पायरी उतरताना हनुमंत सुताराची बायको थांबली. “मंगलाक्का, पुढल्या म्हयन्यात आमच्याकडं जावळ हाय. भांडी गोळा करायला तुमीच या.”

“मी? एवढं झाल्यावर?”

“एवढं झालं म्हणूनच. तुमच्या जागी दुसरी असती तर गप डबं दिऊन मोकळी झाली असती.” आणि रत्नाकडं वळून ती म्हणाली, “तू बी ये गं. माझ्या घरात औषधाच्या बरण्या पडल्यात ढीगभर, लेबलं निघता निघंनात. मसाला भरायचा व्हता त्यात.”

“येईल की,” मंगलच बोलली. “पण सकाळची नको. सकाळी ती मला शिकवणार आहे.”

रत्नानं चमकून सासूकडं पाहिलं. मंगल खाली बसून तेलाची वाटी आणि पीठ गोळा करत होती. स्वयंपाकघरातून तिनं मुरंब्याची एक जुनी बरणी आणली, अर्धवट सोललेल्या कागदाची, आणि सुनेसमोर ठेवली.

“हं, सांग. आधी तेल, का आधी ऊन?”