कपलरचा भोंगा

पोकलेनचं बकेट बदलल्यावर केबिनमधून उतरून ते धरून ठेवणाऱ्या कपलरची पिन तपासायची नाही, यात चालक तातेरावांचा फायदा दिवसाला आठ चढउतारांचा होता. पन्नाशीतल्या गुडघ्यांना तो थोडाथोडका नव्हे. पिन बसली नाही तर भोंगा वाजे. उगाच कोकलतो म्हणून त्याची वायर त्यांनी परवाच काढली होती.

आज अंबड रस्त्याच्या नालीवर बकेट निसटलं आणि नालीची कड घेऊन आत कोसळलं. नशीब, चांगुणाबाई आणि दोघी मजूर बाया झाडाखाली जेवत होत्या.

मेकॅनिक श्रीपतीने कपलरच्या खाचेतून मूठभर घट्ट मुरूम टोकरून काढला. "मशीन बराबर हाय, मामा. ह्याच्यानं लॉकच लागला न्हाई. भोंगा वाजला न्हाई का?"

"झोपल्ता," तातेराव पुटपुटले.

"झोपल्ता का झोपवल्ता?" चांगुणाबाईने भाकर बांधत विचारलं. "नालीत पाईप टाकलाय, तिथं मशीन चालायची न्हाई. मंग ही पडलेली माती काढायला फावडं कुणाच्या हाती येनार, सांगा की."

तातेरावांनी वायर जोडली, उतरून पिन पाहिली, पुन्हा चढले. त्यांनी वाचवलेल्या चढउतारांचं मोल अंधार पडेस्तोवर तीन बायांच्या कमरांनी मोजलं.