मी माफी मागितली नव्हती

मित्रांनो, मी अरबी बोलणाऱ्या साफी गावातल्या लल्ला यामनाचा जुना मोबाइल फोन. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय आणि पाठीवर मेंदीचा एक डाग आहे. तो पुसायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. लल्ला यामना नग्गाफा आहे. लग्नात नवरीला सजवायचं, तिचे सात सात पोशाख बदलायचे, तिला पालखीत बसवून मिरवायचं आणि तिची आई रडायला लागली की तिलाही आवरायचं, हे सगळं तिचं काम.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते लल्लाच्या कफ्तानाच्या खिशात. त्याआधी ती रिळाचा कॅमेरा वापरायची. पण रीळ धुवायला बाजारातल्या फोटोवाल्याकडे द्यावं लागे. मग मेंदीच्या दिवशी, फक्त बायकांमध्ये, केस मोकळे सोडून बसलेल्या मुलींचे फोटो त्या परक्या पुरुषाच्या हाती पडत. मुलींच्या आया कुरकुरत. मी आलो आणि ती कुरकुर थांबली. "फोटो माझ्या फोनमध्ये राहतील, कुणा परक्या पुरुषाच्या नजरेला पडणार नाहीत," असा शब्द लल्ला घरोघरी द्यायची. तो शब्द मी बारा वर्षं सांभाळला.

ते दिवस फार सुखाचे होते. इल्हाम नावाच्या एका नवरीला फोटो काढताना हसू आवरेना, त्यामुळे तिचे सगळे फोटो हललेले. दुसरी नवरी बाहिजा, तिने हातावरची मेंदी ओली असतानाच मला उचललं. पाठीवरचा डाग तिचाच. तिसरी, नौहैला, तर मांजर मांडीवर घेतल्याशिवाय बसेना. शुक्रवारी कुसकुस खाऊन झालं की लल्ला दिवाणावर टेकायची आणि एकेक फोटो बोटाने सरकवत शेजारणींना सांगायची, "ही बघा, हिला आता जुळी झालीत. आणि ही, मोठी भांडखोर, सासूला पुरून उरली." शेजारणी माझं कौतुक करायच्या. मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे मी जुना झालो. पूर्वी कंपनीकडून मला अधूनमधून अपडेट यायचे, ते यायचे थांबले. माझी कुलपं जुनीच राहिली आणि चोर मात्र नवनवं शिकत गेले. लल्लाला याची काही कल्पना नव्हती. पडदा दिसतोय आणि आवाज येतोय, म्हणजे फोन धडधाकट, असा तिचा हिशेब.

शाबान महिना आला. रमजानच्या आधीच्या या दिवसांत आमच्याकडे लोक एकमेकांची माफी मागतात. शेजारीण दारात येते, "समाह कर" म्हणते, आपण "केली" म्हणतो, आणि वर्षभराचं भांडण उंबऱ्यावरच मिटतं. अशाच एका दुपारी लल्ला माझ्यावर कशिद्याचे नवे नमुने शोधत होती. या पानावरून त्या पानावर जाता जाता अचानक पडदा लालभडक झाला. 'तुमच्या फोनमध्ये सतरा विषाणू सापडले आहेत. आत्ताच साफ करा.'

"अगं बाई, सतरा?" लल्ला म्हणाली आणि तिने घाईघाईने दाबलं.

विषाणू मारतो म्हणणारं एक ॲप माझ्यात उतरलं आणि विचारायला लागलं: फोटो पाहू का, नंबर वाचू का, निरोप पाठवू का? दर वेळी मी नेमाप्रमाणे दोन बटणं दाखवली. एकावर 'नकार' आणि दुसऱ्यावर 'समाह'. फोनच्या भाषेत समाह म्हणजे परवानगी. पण गल्लीत आणि बाजारात समाह म्हणजे माफी. लल्लाला शाळा फारशी मिळाली नव्हती, वरची बारीक अक्षरं तिने सोडून दिली. तिला वाटलं, सतरा विषाणू घरात आणल्याबद्दल मीच तिची माफी मागतोय.

"अरे वेड्या, तुझी काय चूक? केली माफ," ती म्हणाली आणि तिने 'समाह' दाबलं. पुन्हा प्रश्न आला. "एकदा सांगितलं ना, केली म्हणून. रमजान तोंडावर आलाय, तुला कशी नाही म्हणू?" प्रत्येक प्रश्नाला तिने तितक्याच मायेने बोट टेकवलं. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं. पण दुसऱ्या कुणी हाक मारल्याशिवाय फोनला आवाज फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहिजाचा फोन आला. "लल्ला, तुम्ही मला कसली लिंक पाठवलीत? माझ्या सासूलाही आलीय."

"मी? मी तर कुणाला साधा सलामसुद्धा पाठवला नाही."

 बाहिजा हळूच म्हणाली, "लल्ला, माझे मेंदीचे फोटो अजून त्याच फोनमध्ये आहेत ना?"

लल्लाने बोलणं आवरतं घेतलं. मग मला रुमालात गुंडाळून तडक बुशैबच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. बुशैबने आधी माझं सिमकार्ड काढलं आणि बराच वेळ माझ्यात डोकं खुपसून बसला.

"मावशी, निरोप बऱ्याच जणांना गेलेत. फोटो गेलेले दिसत नाहीत, पण छातीठोकपणे नाही सांगता येणार."

"मग विषाणू मारायचं खरं औषध घाल यात."

"अगं, जे घुसलंय ते औषधाचंच नाव सांगून घुसलंय. फोन नवा असेल, अपडेट वेळच्या वेळी केले आणि ॲप फक्त फोनमधल्या अधिकृत दुकानातून घेतली, तर बहुतेकांना वेगळं काही लागत नाही. पण याला पाच वर्षांत अपडेट नाही. याला पुरता पुसायचा आणि परत नेटवर सोडायचा नाही."

"आणि फोटो?"

"ते आधी माझ्या संगणकावर उतरवून घेतो. दहा मिनिटांचं काम."

लल्लाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "नको."

"मावशी, मी तिकडे तोंड करून बसतो. एकही बघणार नाही."

"तू गुणाचा आहेस रे. पण मी त्या मुलींच्या आयांना शब्द दिलाय."

"बारा वर्षांचे फोटो जातील, विचार कर."

"मुलींना त्यांचे त्यांचे दिलेत मी. जातील ते माझे."

बुशैब पुदिन्याचा चहा तिच्यापुढे ठेवून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. लल्लाने पहिल्यापासून एकेक फोटो पाहिला. चहा निवून गेला. मग तिने बुशैबला आत बोलावलं आणि पडद्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. सगळं ऐकून घेतलं आणि मगच पुसायचं बटण दाबलं.

तुम्ही विचाराल, मग इल्हामचं हसू मला कसं आठवतं? लल्ला अजूनही शुक्रवारी त्या मुलींबद्दल बोलते, आणि मी ऐकतो.

त्यानंतर ती घरोघर गेली आणि काय झालं ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कुणी समजून घेतलं, एकीच्या आईने दार लावून घेतलं. ठरलेल्या दोन लग्नांत दुसरी नग्गाफा बोलावली गेली. लल्लाची झोप उडाली. तिला काम जाण्यापेक्षा नाव जाण्याचं दुःख जास्त होतं, आणि त्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला होता.

शाबानातलं शेवटचं लग्न नौहैलाच्या धाकट्या बहिणीचं, हुस्नियाचं. लल्लाने मला तिथेही नेलं, पण दागिन्यांच्या पेटीच्या तळाशी, दिसू नये असं. नवरीच्या माथ्यावर मुकुट बसवून झाला तसं हुस्निया म्हणाली, "लल्ला, फोन कुठाय? ताईचा फोटो तुम्हीच काढला होतात."

"तो आता रिकामा आहे गं बाळ."

"मग माझ्यासाठी भरपूर जागा असेल."

लल्लाने नवरीच्या आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. लल्लाने मला पेटीतून काढलं, तीनदा फोटो काढला आणि मनासारखा आलेला एकच ठेवला.

मित्रांनो, फोनला विषाणूंपासून वाचवणारं काही लागतं का, असं मला विचाराल, तर मी म्हणेन की आधी थांबून वाचणारं माणूस लागतं. भीती घालून घाई करणाऱ्या लाल पडद्याचं ऐकू नका. माझ्यासारख्या थकलेल्या फोनला नेटवरच्या गर्दीत धाडू नका. आमच्यात तुमचंच नाही, तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्यांचंही काही ठेवलेलं असतं. माझ्यात सध्या एकच फोटो आहे, आणि मी तो जिवापाड सांभाळतोय.