सरळ रेघेचा दाखला

माणसावर झालेला प्रत्येक अन्याय देव पाहत असतो आणि त्याची नोंद वर कायमची राहते. अलाबामाच्या रस्ते खात्याला मात्र वरच्या नोंदीची प्रत चालत नव्हती.

"सही असलेलं काहीतरी हवं, मॅडम," दाखल्याच्या टेबलावरचे पेनहॅलो साहेब ओडेसा टिलरीला म्हणाले. "तुम्हाला डावललं गेलं, असं तुम्ही लिहिलंय. छान लिहिलंय. तिसऱ्या पानावर माझे डोळे पाणावले. पण डावलणाऱ्याचं म्हणणं कुठे आहे?"

"डावलणारा कशाला लिहून देईल?"

"तेही खरंच," असं म्हणून साहेबांनी फाईल मिटली.

ओडेसा रस्त्यांवर पट्टे मारायची. तेवीस वर्षं, स्वतःच्या यंत्राने. गेली दोन वर्षं मात्र चर्चच्या आणि दुकानांच्या पार्किंगपलीकडे काम नव्हतं. आता नदीवर नवा पूल होत होता आणि त्यातलं आठ टक्के काम वंचितांच्या छोट्या कंपन्यांना देणं बंधनकारक होतं. वंचित म्हणजे ज्यांच्याकडे वंचित असल्याचा दाखला आहे ते. पूल हातचा गेला तर यंत्र विकायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

तिला डावलणारा गावातच होता. गॅरिसन क्रोवेल, पुलांचा बडा कंत्राटदार. पंधरा वर्षांपूर्वी भरल्या बैठकीत तो म्हणाला होता, "काळ्या बाईच्या हातून सरळ रेघ यायची नाही." सगळे हसले होते. ओडेसाही हसली होती, कारण पुढचं काम त्याच्याकडूनच मिळायचं होतं. ते मिळालं नाही.

आमच्याकडे कोणाकडे काही मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. ओडेसाने रात्रीच पेकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचं भाजलेलं गोड पक्वान्न, करून ठेवला आणि सकाळी क्रोवेलच्या ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवला.

"डेसा! ये, बस. तुझ्या आईच्या हातचा वास येतोय याला."

"साहेब, एक पत्र हवं होतं."

"शिफारशीचं? देतो की."

"नाही. तुम्ही मला डावललं होतं, असं."

क्रोवेलने सुरी उचलली, पायचा मोठा तुकडा कापला, खाल्ला, आणि बोटं पुसली. रागावला नाही. पुलासाठी त्याला दाखलावाली कंपनी हवीच होती. ती नसेल तर त्याची निविदा उघडून तशीच मिटणार होती. दाखला मिळाला तर काम ओडेसालाच, हे त्याने मघाच मनात पक्कं केलं होतं.

"सांग, काय लिहू?"

तिने सांगितलं, त्याने लिहिलं. वर्ष, बैठक, वाक्य.

"हसले ते लिहू?"

"लिहा."

"तूही हसली होतीस, डेसा."

"ते राहू द्या, साहेब."

"तू माझ्यावर दावा तर नाही ना ठोकणार?"

"पाय घेऊन आलेय मी."

"तेही खरं." सही करताना तो थबकला. लिहायचं तर खरं लिहावं, अशी त्याला शिकवण होती. सहीच्या वर त्याने स्वतःहून एक ओळ घातली: 'माझं मत आजही तेच आहे, पण ही बाई भली आहे.' ओडेसाने ती वाचली. आपली तारीफच केली आहे असं समजून तिने कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

पेनहॅलो साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, अकरा वर्षांत इतका स्वच्छ पुरावा पाहिला नाही." त्याच आठवड्यात दाखला मंजूर झाला. ओडेसाने तो काचेत बसवून घेतला आणि यंत्राला नवीन टायर घातले.

पेनहॅलो साहेबांच्या शेजारचं टेबल भेदभावाच्या तक्रारींचं. दोघांच्या मध्ये फक्त एक कुंडी. चांगला पुरावा एकाच टेबलावर पडून राहू नये, म्हणून साहेबांनी एक प्रत तिकडे सरकवली. शेजारच्यांनी 'माझं मत आजही तेच आहे' याखाली लाल रेघ मारली. सर्वांत कमी बोली क्रोवेलचीच होती; ती बाद झाली.

त्याने फोन केला. "डेसा, तो पाय मला फार महाग पडला."

"साहेब, ती शेवटची ओळ मी सांगितली नव्हती."

"मग खोटं लिहायचं होतं का मी?" त्याने फोन ठेवला.

पूल दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणाऱ्या स्ट्रँड या कंत्राटदाराकडे गेला. ओडेसा दाखला घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. स्ट्रँडने काचेसकट तो हातात घेतला, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाला, "सुंदर. पण आमच्या घरातच एक आहे." त्याची बायको मेरीबेथ अकरा वर्षांपासून वंचित होती.

"मशीन मात्र तिच्याकडे नाही," तो पुढे म्हणाला. "तुझं विकतेस का?"

ओडेसाने विकलं. ते यंत्र दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून चालवायलाही तिलाच रोजावर ठेवलं. ऑक्टोबरात तीन दिवस, पाठीवर मेरीबेथच्या कंपनीचं नाव असलेलं केशरी जाकीट घालून, तिने पुलावर पट्टे मारले. रेघ सरळ आली.

वर्षअखेरच्या अहवालात पुलाचं आठ टक्के काम वंचितांना मिळाल्याची नोंद आहे.